खिशातला घडीचा चाकू : हाताला बसेल असा कसा निवडायचा?

बालाघाटी (रविवार, रात्री 9.20)

राम राम मंडळी. प्रश्न साधा आहे, पण उत्तर कुठं सापडेना म्हणून धागा काढतोय.

आमचे आण्णा सत्तरीला आलेत. शेत अंबाजोगाईजवळ, डोंगराच्या कडेला. थोडी मोसंबी, बांधावर केशर आंबा, बाकी सोयाबीन-तूर. बंडीच्या खिशात घडीचा चाकू नाही असे आण्णा आम्ही कधी पाहिले नाहीत. सुतळी, पोत्याची शिवण, ठिबकची नळी, तंबाखूची पुडी, पेरू, सगळ्याला तोच. तो विहिरीत पडला. मग भाच्यानं पुण्याहून एक देखणा चाकू आणून दिला. चकचकीत पातं, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. आण्णांनी थोडे दिवस वागवला आणि देवळीत ठेवून दिला. म्हणाले, "उघडताना नख मोडतंय, अन् धरला की हातात फिरतंय."

आता ते दाढीचं ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवायलेत. ते बघवत नाही. मला 'अमुक कंपनीचा घ्या' असं उत्तर नको. हाताला बसतो की नाही हे बघायचं कसं, ते सांगा.

लोखंडी सावरगावकर (रविवार, रात्री 10.05)

बालाघाटी, तुम्ही आमच्या शेजारचेच निघालात. आण्णांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलंय, आपण त्याचा फक्त उलगडा करायचा.

'धरला की फिरतो' म्हणजे मूठ पातळ आहे. घडीचा चाकू खिशात मावावा म्हणून बनवणारे मूठ चपटी करतात. कागद, दोरा कापायला ती चालते. पण ठिबकची नळी किंवा ओली काठी कापताना जोर पात्याच्या एका बाजूला जातो आणि चपटी मूठ तळव्यात कलते. सारखी कलायला लागली की माणूस ती आवळून धरतो, अन् सत्तरीच्या हाताला आवळून धरणंच जड जातं. म्हणून आधी मूठ बघा, पातं नंतर.

माप असं घ्या. आण्णांना हात पसरायला सांगा. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी तळव्याची रुंदी मोजा. पुरुषाच्या हाताची साधारण आठ-नऊ सेंटीमीटर भरते. मिटलेल्या चाकूची मूठ त्याहून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त पाहिजे. कमी असली तर मुठीचं बूड तळव्याच्या मधोमध टोचतं, आणि जोराचं काम केलं की तिथं फोड येतो. फार जास्त असली तर खाली वाकताना चाकू खिशातून मांडीला लागतो आणि शेवटी घरीच राहतो.

जाडी बघायला मूठ वळून धरा. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. नखं तळव्यात रुतली तर मूठ बारीक. टोकं टेकेचनात तर जाड. हे दुकानात उभ्या उभ्या होतं, पण कोणी करत नाही. सगळे आधी पात्यावर बोट फिरवून बघतात.

'नख मोडतंय' म्हणजे कमान कडक आहे. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, तीच पात्याला उघडं आणि मिटलेलं धरून ठेवते. आणखी कुलूप नसतं. नवा चाकू 'दणकट' वाटावा म्हणून काहीजण ही कमान भलती कडक ठेवतात. पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याला खोबरेल सोडून दुसऱ्यांनी महिनाभर उघडझाप केली तर थोडी सैलावते, पण आण्णांचं नख वाचेल एवढी नाही. म्हाताऱ्या माणसासाठी असा चाकू शोधा की मिटल्यावरही पात्याची पाठ मुठीच्या बाहेर राहते. मग नखाची गरजच नाही, चिमटीत धरून पातं ओढता येतं. माझ्या लेखी ही गोष्ट पोलादाच्या जातीपेक्षा मोठी आहे.

आणि पातं तीन इंचाच्या आसपास पुरे. शेतातल्या खिशातल्या कामाला त्याहून मोठं लागत नाही, जिथं लागतं तिथं विळा असतोच.

मिरची_भाकर (रविवार, रात्री 10.40)

एवढं सगळं बघायचं असतं होय? आमच्या घरात जो घडीचा चाकू आहे तो माझ्या लग्नातला. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात लिंबू टोचून देतात ना, तोच. हाताला बसतो का हे कोणी विचारलं नव्हतं. नवरी तरी कुठं विचारून बसवली होती म्हणा. (बायको वाचत असेल तर : गंमत आहे.)

दुधनाकाठी (सोमवार, सकाळी 7.15)

सावरगावकरांशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. बालाघाटी, आण्णा मोसंबीचे डोळे भरतात का, म्हणजे चांगल्या झाडाचा डोळा काढून खुंटाच्या सालीत बसवून कलम करतात का? भरत असतील तर तो चाकू वेगळा ठेवा. खिशातल्या चाकूनं डोळा भरू नका.

आमची बदनापूरकडं छोटी रोपवाटिका आहे. डोळे भरायच्या चाकूचं पातं एकाच बाजूनं घासलेलं असतं, दुसरी बाजू सपाट. त्यामुळं काप सरळ जातो आणि डोळा खुंटाच्या लाकडाला चिकटून बसतो. खिशातल्या चाकूला दोन्हीकडून उतार असतो, काप मध्ये खोलगट होतो, फट राहते आणि डोळा वाळतो. कलमाच्या चाकूला मागच्या टोकाला किंवा पाठीवर साल उचलायची चपटी जीभ असते, ती साध्या चाकूला नसते. आमच्याकडं नवीन पोरगं कामाला आलं की आधी वाया गेलेल्या खुंटावर त्याच्याकडून नुसते इंग्रजी टी अक्षरासारखे काप मारून घेतो. दोन तासांनी हात बघतो. तर्जनीच्या आतल्या बाजूला लाल झालं असेल तर त्याला दुसऱ्या मुठीचा चाकू देतो. सगळ्यांना एकच चाकू चालत नाही, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

दुसरं कारण रोगाचं. लिंबूवर्गीय झाडांत एक्झोकॉर्टिस म्हणून रोग आहे, तो चाकूच्या पात्यावरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. त्याला स्पिरिट पुरत नाही, ब्लीचचं पाणी लागतं. आणि ब्लीचनं साधं पोलाद गंजतं. तंबाखू, आंबा आणि डोळा एकाच पात्यानं करायचं म्हणजे तिन्हीचं वाटोळं.

बालाघाटी (सोमवार, सकाळी 8.02)

डोळे भरायला माणूस येतो, आण्णा फक्त त्याच्या चुका काढतात. पण एक्झोकॉर्टिसचं माहीत नव्हतं. आता त्या माणसाच्या चाकूकडं मीपण बघतो.

डावखुरी (सोमवार, दुपारी 1.30)

मी लातूरला शिक्षिका आहे, चाकू शाळेत नेत नाही, आधीच सांगते. पण प्रवासात आणि घरी घडीचा चाकू वापरते. बायकांच्या हातांबद्दल इथं कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

माझा हात लहान. भावाचा चाकू धरला की करंगळीला काम उरायचं नाही, ती नुसती लोंबायची. मग फ्रेंच ओपिनेलचा सहा नंबर मिळाला. त्यांचे नंबर मापाप्रमाणं असतात. सहाचं पातं 7 सेंटीमीटर, आठचं साडेआठ, दहाचं 10. एकच घडण आणि वेगवेगळी मापं, त्यामुळं हातात धरून तुलना करता येते. मूठ गोल लाकडाची असल्यानं फिरत नाही. आण्णांना हाच प्रकार जमेल असं वाटतं.

डावखुऱ्यांसाठी मात्र त्रास. नखाची खाच बहुतेक चाकूंना एकाच बाजूला असते, उजव्या हाताच्या लोकांच्या सोयीची. माझ्या चाकूला पातं उघडल्यावर फिरवून पक्कं करायची कडी आहे, तीसुद्धा मला उलटी पडते. सवय झालीय, पण विकत घेताना डावखुऱ्यांनी दोन मिनिटं दुकानात उघडझाप करूनच घ्यावा. आणि दुधनाकाठी, तुमचा एका बाजूनं घासलेला चाकू डावखुऱ्याच्या हातात दिला तर?

दुधनाकाठी (सोमवार, दुपारी 2.10)

ताई, बरोबर पकडलंत. सपाट बाजू उलटीकडं येते आणि काप लाकडात घुसत जातो. डावखुऱ्यासाठी उलटा घासलेला वेगळा मिळतो, मागवावा लागतो. आमच्याकडं एक डावखुरा आहे, सगळ्यात चांगले डोळे त्याचेच जगतात. त्यानं स्वतःच नवा चाकू उलटा घासून घेतलाय.

गोदाकाठ (सोमवार, सायंकाळी 6.45)

फ्रेंच, स्विस, आणखी काय काय. अहो, माळेगावच्या यात्रेत जा, घिसाड्याच्या पालावर बसा, समोर बसून करून घ्या. आमच्या आजोबांचा चाकू असाच केलेला होता. गाडीच्या कमानपाट्याचं पातं, बाभळीची मूठ. पोलाद आपलं, हात आपला. परदेशी नावं कशाला?

कानस (सोमवार, रात्री 8.30)

गोदाकाठ, भावना समजली, पण जरा लोखंडाचं बोलू. मी जालन्यात सळईच्या कारखान्यात होतो, आता आयटीआयमध्ये शिकवतो.

लोक विचारतात, सर, सळईचा चाकू होतो का. आकार होतो, धार राहत नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन फार थोडा, 0.3 टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच, कारण ती वाकली पाहिजे, मोडता कामा नये. तेवढ्या कार्बनवर पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं, तरी पातं धार धरण्याइतकं कठीण होत नाही. गाडीच्या कमानपाट्यात अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून घिसाडी तोच उचलतो. जुन्या कानशीत एक टक्क्याच्या वर, ती चाकूला त्याहून उत्तम. (माझं टोपणनाव उगीच नाही.)

पाणी द्यायची रीत पालावर बसून नीट बघा. पातं लाल-नारिंगी झालं, चुंबक चिकटेनासं झालं, की तेलात बुडवायचं. तेवढ्यावर थांबलं तर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं. मग घासून चकचकीत करून परत हळूहळू तापवायचं. धारेवर गव्हाळ पिवळा रंग आला की बस. निळा झाला तर जास्त मऊ पडलं. चांगला कारागीर हे रंगावर ओळखतो, घाईतला माणूस पाण्यात बुडवून मोकळा होतो. यात्रेत घाई असते.

आता साधं पोलाद की स्टेनलेस. साध्या पोलादावर दगडावर लवकर धार येते. पण मोसंबी, कैरी, चिंच कापली की काळं पडतं, कच्च्या केळ्यालाही काळा डाग देतं. पुसून ठेवलं तर काळेपणा राहतो, गंज धरत नाही. तेवढं रोज जमणार असेल तर साधं घ्या. आण्णा मोसंबीवाले, पातं पुसायची सवय नसेल तर स्टेनलेसच बरं. त्याची धार आणायला थोडा वेळ जास्त, एवढंच.

लोखंडी सावरगावकर (सोमवार, रात्री 9.15)

गोदाकाठ, तुमच्या आजोबांचा चाकू मोडायचा होता की नुसता?

गोदाकाठ (सोमवार, रात्री 9.22)

मोडायचा म्हणजे? मिटायचा. घडीचाच होता.

लोखंडी सावरगावकर (सोमवार, रात्री 10.00)

म्हणूनच विचारलं. पालावरचा कारागीर विळा, खुरपं, कुऱ्हाड, अडकित्ता झकास करतो. घडीच्या चाकूची खरी मेख पात्यात नसते, कमानीत असते. कमान लवचीक पाहिजे, तिचं बूड आणि पात्याचं मूळ केसाइतकं जुळलं पाहिजे. नाहीतर उघडल्यावर पातं डावी-उजवीकडं लचकतं. तुमच्या आजोबांच्या चाकूला कमान होती का बघा. मला वाटतं नसेल. नुसता खिळा असेल आणि मुठीच्या दाबानंच पातं उघडं राहत असेल.

न्हाव्याचा वस्तरा आठवा. त्यात कमान नाही, कुलूप नाही, मागं एक शेपटी असते, ती अंगठ्याखाली दाबून धरायची. जपानच्या मिकी गावात हिगोनोकामी नावाचा चाकू याच धर्तीवर करतात. पत्र्याची घडी घातलेली मूठ, पात्याला मागं कान, तो अंगठ्यानं दाबायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालू आहे. आपल्या कारागिराकडून घडीचा करून घ्यायचा असेल तर असाच सांगा. साधा आहे, बिघडायला काही नाही, खिळा सैलावला की हातोडीचा एक ठोका. पण ज्याचा अंगठा दुखतो त्यानं हा घेऊ नये. काम चालू असताना अंगठा उचलला तर पातं बोटावर मिटतं.

आणि परदेशी नावांचं म्हणाल तर ओपिनेल 1890 पासून फ्रान्सच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांसाठीच बनत आलेला. ती फिरणारी कडी 1955 ला आली, त्याआधी त्यालाही कुलूप नव्हतं. आपल्या बंडीत तो परका वाटायचं कारण नाही.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी 6.50)

आजीला विचारलं. कमान नव्हती, शेपटी होती. जिंकलात. तरी मी माळेगावचाच घेणार.

हजूरी (मंगळवार, सकाळी 11.20)

नांदेडहून. गुरुद्वाऱ्याच्या आसपास तलवारी-कृपाणांची दुकानं आहेत, तिथं घडीचे चाकूही असतात. पण चकाकी बघून घेऊ नका, त्यातले बरेच भिंतीवर टांगायचे.

एक विचारायचं होतं. खिशात चाकू ठेवणं कायद्यात बसतं का? सणावाराला नाक्यावर तपासणी असते.

डावखुरी (मंगळवार, दुपारी 1.45)

शस्त्र नियमांत मर्यादा आहे ती पातं 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद असलेल्या चाकूंना, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. तीन इंची पातं त्याच्या जवळपासही येत नाही. पण ते तेवढ्यावर संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सण, निवडणूक, मोर्चा असं काही असलं की जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश निघतो आणि त्यात चाकू, सुऱ्या असे शब्द असतात. त्या दिवसांत शहरात जाताना घरी ठेवावा. विमानाच्या हातबॅगेत तर कुठलाच चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकायचा.

खटका दाबला की उडणारे घेऊच नयेत. त्यांच्याकडं बघणाऱ्याला शेत दिसत नाही. रामपूरला 2023 मध्ये चौकात मोठ्ठा रामपुरी चाकू उभारलाय, तो तिथंच शोभतो.

कानस (मंगळवार, रात्री 8.10)

कायदा आलाच आहे तर मुठीचंही. जुन्या बाजारात कोणी 'सांबरशिंगी मूठ' म्हणून दाखवलं तर हात जोडा. सांबराचं शिंग आपोआप गळलेलं असलं तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याची खरेदी-विक्री बसत नाही. म्हशीचं शिंग, शिसव, बाभूळ, सगळं चालतं. शिंगाची मूठ उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, तडकते. लाकडाची पावसाळ्यात फुगते आणि पातं घट्ट बसतं. तेव्हा पक्कड लावू नका, दोन दिवस कोरड्यात ठेवा आणि सांध्यात जवसाचं तेल सोडा.

बालाघाटी (पुढच्या रविवारी, रात्री 9.00)

मंडळी, अहवाल देतो.

आण्णांचा तळवा नऊ सेंटीमीटर भरला. सावरगावकरांच्या सांगण्याप्रमाणं गावातून, पाहुण्यांकडून, कोणाकोणाचे चाकू मागून आणले आणि आण्णांना बांधावर बसवून एकेकानं ठिबकची नळी, सुतळी आणि पेरू कापायला लावला. नळीनंच खरा निकाल दिला. पेरू सगळ्यांनी कापला.

भाच्याचा देखणा चाकू नळीवर पुन्हा फिरला. लाकडी गोल मुठीचा आठ नंबरचा आण्णांना हातात आवडला, नळी एका झटक्यात. पण कडी फिरवायचं म्हणाले, "हे कोण रोज करंल? हात चिखलाचे असतेत." मामांकडं स्विस व्हिक्टोरिनॉक्स आहे, लाल नाही, पत्र्याच्या बाजूंचा, तो मिटल्यावर त्रेण्णव मिलिमीटर भरला. कमान बरी, पण खाच लहान. त्यात डबा उघडायचं, पेचकस वगैरे पात्यांची गर्दी. आण्णा म्हणाले, "मला चाकू पाहिजे, पेटी नको."

शेवटी चुलत आजोबांच्या घरात एक जुना निघाला. शिसवी मूठ, जाडसर, मिटल्यावर पाठ बाहेर. चिमटीत येतो. पातं गंजलेलं, थोडं लचकतं, कोणी केला ते माहीत नाही. आण्णांनी तो सोडलाच नाही. तर आता प्रश्न दोन : लचक काढता येईल का, आणि गंज कसा काढू?

लोखंडी सावरगावकर (रविवार, रात्री 9.40)

लचक निघेल. चाकू मिटवा, खिळ्याचं एक डोकं ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्या डोक्यावर लहान हातोडीनं हलके ठोके द्या. दोन ठोके, मग उघडून बघा. एकदम जोरात मारलं तर पातं जाम होतं आणि मग खिळा कापावा लागतो. सांध्यात आधी तेल सोडा.

गंजाला रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि बारीक पॉलिश पेपर. सायकलवर सहाण फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडं मात्र देऊ नका. ठिणग्या उडतात, बघायला मजा येते, पण धारेचं टोक निळं पडलं की त्याचं पाणी गेलं, मग कितीही घासा, दुसऱ्या दिवशी बोथट. कुरंदाचा दगड, पाणी, आणि पात्याची पाठ दगडापासून एकावर एक ठेवलेली रुपयाची दोन नाणी मावतील एवढी उचलून. घाई नाही. दगड नसेल तर कपाच्या बुडाची खरखरीत कडा शेवटच्या हाताला चालते.

आणि मिटताना 'खट्' आवाज काढायची सवय असेल तर आण्णांना सांगा, पातं बोटानं धरून हळू बसवा. जुन्या चाकूंत धार आतल्या कमानीवर आपटते आणि मधोमध दाता पडतो.

बालाघाटी (रविवार, रात्री 9.52)

सांगून बघतो. 'खट्' तर ते मुद्दाम करतात.

मिरची_भाकर (रविवार, रात्री 10.15)

भाच्याच्या चाकूचं काय झालं मग? माझ्या मेहुण्याचं लग्न आहे, लिंबू टोचायला चालेल.